दंगलीच्या बातमीत ‘दोन्ही बाजू’ कशा मांडायच्या? क्राउन हाइट्स, 1991

‘दोन गटांत तुफान दगडफेक, परिस्थिती तणावपूर्ण, पण नियंत्रणात.’ मराठी वाचकाला हे वाक्य पाठ आहे. कोणते दोन गट, आधी दगड कुणी उचलला, दुकानं कुणाची जळाली, यातलं काहीच त्यातून कळत नाही. आणि एखाद्या पत्रकाराने हे सगळं खुलासेवार लिहिलंच, तर दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे लोक त्याच्यावर तुटून पडतात : आमची बाजू कुठंय? दंगलीबद्दल लिहिताना दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे अनेकांना कळत नाही. त्यात लिहिणारेही आले.

आपल्याकडचं उदाहरण घेतलं तर वाचणारा आधीच कुठल्यातरी बाजूला उभा असतो. म्हणून इथे लांबचं घेतलं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली क्राउन हाइट्स ही वस्ती, ऑगस्ट 1991. तिथे कृष्णवर्णीय आणि ज्यू समाजांत पेटलेली दंगल तीन दिवस चालली, पण ती कशी लिहिली गेली यावरचा वाद वीस वर्षांनंतरही शमला नव्हता.

ही वस्ती आपल्याला अगदीच परकी नाही. 26/11 ला कुलाब्यातल्या ज्या नरिमन हाऊसवर हल्ला झाला, ते ज्या छाबाड-ल्युबाविच या हसिदी ज्यू पंथाचं केंद्र होतं, त्या पंथाचं मुख्यालय क्राउन हाइट्समध्येच आहे : 770, ईस्टर्न पार्कवे. नरिमन हाऊसमध्ये मारले गेलेले रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग याच वस्तीत वाढले होते.

एकाच गल्लीत दोन समाज

आधी थोडी ओळख. हसिदी ज्यू म्हणजे अठराव्या शतकात पूर्व युरोपात सुरू झालेल्या एका भक्तिप्रधान पंथाचे अनुयायी. पुरुषांचा काळा कोट, हॅट आणि दाढी यामुळे ते दुरूनही ओळखू येतात. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, ते वाहन वापरत नाहीत. त्यामुळे सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनागृहाला, पायी जाता येईल इतक्या अंतरावरच त्यांना घर लागतं, आणि ते दाटीवाटीने एकाच भागात राहतात. ल्युबाविच ही या पंथाची एक शाखा. तिच्या गुरूला ‘रेबे’ म्हणतात. 1991 मध्ये मेनाकेम मेंडेल श्नीरसन हे रेबे होते.

1950 नंतर क्राउन हाइट्समध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडून आणि कॅरिबियन बेटांवरून कृष्णवर्णीय कुटुंबं येऊ लागली. गोरे लोक घरं विकून उपनगरांत निघाले, त्यांत बहुतेक इतर ज्यूही होते. 1969 मध्ये रेबेंनी अनुयायांना बजावलं, घरं विकायची नाहीत, वस्ती सोडायची नाही. ल्युबाविच मंडळी राहिली. वीस वर्षांनी चित्र असं होतं की वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीयांची, त्यांत जमैका, त्रिनिदाद, हैती, गयाना इथून आलेले बरेच, आणि हसिदी साधारण दहांत एक.

म्हणजे देशाच्या हिशेबाने दोन्ही समाज अल्पसंख्य, दोघांच्याही पाठीवर छळाचा मोठा इतिहास. वस्तीच्या हिशेबाने हसिदी मूठभर, पण संघटित आणि पालिकेत वजन असलेले. प्रत्येकाला समोरचा बलवान वाटत होता आणि तसं वाटायला दोघांकडेही कारणं होती. हे ध्यानात न घेता पुढचं वाचलं तर सगळं एका रात्रीत आभाळातून पडल्यासारखं दिसतं.

त्या रात्री काय झालं

19 ऑगस्ट 1991, सोमवार. रेबे शहराच्याच क्वीन्स भागातल्या दफनभूमीतून गाड्यांच्या ताफ्यासह परतत होते. ताफ्याच्या पुढे पोलिसांची गाडी होती. रात्री सव्वाआठच्या सुमारास युटिका अॅव्हेन्यू आणि प्रेसिडेंट स्ट्रीटच्या चौकात ताफ्यातली मागची गाडी दुसऱ्या एका गाडीवर आदळली आणि फूटपाथवर चढली. तिथे गॅविन केटो नावाचा सात वर्षांचा मुलगा आणि त्याची त्याच वयाची चुलत बहीण होती. गॅविन गेला. मुलगी गंभीर जखमी झाली. केटो कुटुंब गयानाहून आलेलं, कृष्णवर्णीय. गाडी चालवणारा हसिदी तरुण. सिग्नल पिवळा होता की लाल, गाडी किती वेगात होती, यावर तेव्हाही एकमत झालं नाही.

जमाव जमला, चालकाला मारहाण सुरू झाली. अंधार वाढत गेला तशा दगड-बाटल्या पडू लागल्या. अपघातानंतर सुमारे तीन तासांनी, काही गल्ल्या पलीकडे, कृष्णवर्णीय तरुणांच्या एका टोळक्याने यांकेल रोझेनबॉम या 29 वर्षांच्या माणसाला गाठलं. तो ऑस्ट्रेलियाचा, मेलबर्न विद्यापीठात पीएच.डी. करणारा, संशोधनासाठी न्यूयॉर्कला आलेला. ताफ्याशी, अपघाताशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो ज्यू आहे हे दिसत होतं, एवढंच. त्याला भोसकलं. पोलिसांनी एका सोळा वर्षांच्या मुलाला पकडून समोर आणलं आणि यांकेलने त्याला ओळखलं. रुग्णालयात त्याची एक जखम डॉक्टरांच्या लक्षातच आली नाही, आणि पहाटे तो गेला. ज्या किंग्ज काउंटी रुग्णालयात गॅविनला नेलं होतं, तेच हे रुग्णालय.

पुढचे तीन दिवस जाळपोळ, लुटालूट, ज्यूंवर आणि त्यांच्या घरांवर हल्ले. बुधवारी महापौर डेव्हिड डिंकिन्स स्वतः वस्तीत गेले. ते न्यूयॉर्कचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, पण त्यांच्यावरही दगड-बाटल्या आल्या. स्तंभलेखक जिमी ब्रेस्लिन यांना टॅक्सीतून ओढून मारलं गेलं. पोलिसांची मोठी कुमक गुरुवारी उतरली तेव्हा दंगल आटोक्यात आली.

अँब्युलन्सची अफवा

जमाव कशामुळे भडकला? फक्त अपघाताने नाही. ‘ज्यूंची अँब्युलन्स आली, त्यांचा माणूस उचलला आणि मरणाऱ्या काळ्या पोराला रस्त्यावर टाकून निघून गेली’, ही बातमी गल्लोगल्ली फिरली.

यातलं खरं किती? हात्झोला ही ज्यू समाजाची स्वयंसेवी अँब्युलन्स सेवा. तिची गाडी खरोखर आली होती आणि चालकाला घेऊन खरोखर गेली होती. लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. पण त्याला इथून हलवा असा हुकूम तिथल्या पोलिसाने दिला होता, कारण जमाव त्याला मारत होता. मुलांसाठी शहराच्या अँब्युलन्स येत होत्या आणि गॅविनला काही मिनिटांत रुग्णालयात नेण्यात आलं. हात्झोलाच्याच दुसऱ्या गाडीतल्या स्वयंसेवकांनी, शहराची दुसरी अँब्युलन्स येईपर्यंत, जखमी मुलीवर उपचार केले. चालक दारू प्यायला होता ही दुसरी अफवा. सत्तर मिनिटांच्या आत त्याची चाचणी झाली, तो प्यायलेला नव्हता.

लिहिणाऱ्याची खरी कसोटी या ठिकाणी लागते. ‘अँब्युलन्सने मुलाला नाकारलं असं कृष्णवर्णीयांचं म्हणणं आहे, तर ज्यू हे नाकारतात’, असं वाक्य लिहिलं की दोन्ही बाजू आल्या. वाक्यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरीही वाचकाची फसवणूक झालेली आहे. कारण जे तपासता येत होतं ते ‘म्हणणं’ म्हणून सोडून दिलं. उलट, ‘ही निव्वळ अफवा होती’ असं फटकारून पुढे जाणंही अपुरं आहे. समोर एक पोर रक्ताच्या थारोळ्यात पडलंय आणि आलेली अँब्युलन्स मोठ्या माणसाला घेऊन निघून जाते, हे दृश्य त्या फूटपाथवर उभ्या असलेल्या आयाबायांना कसं दिसलं असेल? ते लिहायला हवं. ते का घडलं हेही लिहायला हवं. दोन्ही लिहिलं की वाचकाला कळतं की लोक मुद्दाम खोटं बोलत नव्हते, पण जे पसरलं ते खोटं होतं.

बातमीदाराने पाहिलं एक, छापून आलं दुसरं

अॅरी गोल्डमन तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बातमीदार होते, पुढे कोलंबिया विद्यापीठात पत्रकारिता शिकवू लागले. 2011 मध्ये, दंगलीला वीस वर्षं झाली तेव्हा, त्यांनी ‘ज्यूइश वीक’ या साप्ताहिकात आपल्याच वर्तमानपत्राच्या वार्तांकनाचा हिशेब मांडला.

मोबाइल येण्याआधी मोठ्या बातमीचं काम दोन टप्प्यांत चालायचं. रस्त्यावरचे बातमीदार सार्वजनिक फोनवरून पाहिलेलं-ऐकलेलं कळवायचे. कचेरीत बसलेला एक सहकारी चारपाच जणांकडून आलेला मजकूर एकत्र करून बातमी लिहायचा. चौकट ठरायची ती कचेरीत. कचेरीने ठरवलेली चौकट होती ‘वांशिक संघर्ष’ : काळे विरुद्ध गोरे, दोघेही संतापलेले, दोघेही भिडलेले.

गोल्डमन लिहितात की ल्युबाविच मुख्यालयासमोर हसिदी लोकांच्या घोळक्यात ते उभे होते. निदर्शकांचा जथा हिटलरच्या आणि ज्यूंच्या मरणाच्या घोषणा देत आला, दगड-बाटल्या सुटल्या, आणि त्यांच्यापासून काही पावलांवर एक हसिदी माणूस कोसळला. दुसऱ्या बाजूने प्रतिहल्ला झाल्याचं त्या दिवसांत त्यांनी पाहिलं नाही. छापून मात्र येत होतं की हसिदी आणि कृष्णवर्णीय यांच्यात चकमक झाली. शेवटी ते फोनवर संपादकावर ओरडले : इथे ज्यूंवर हल्ले होताहेत, तुम्ही बातमीच चुकीची देताय.

त्या दिवसांतला एक मथळा दोन मृत्यूंमुळे वांशिक चकमक पेटली अशा अर्थाचा होता. नीट बघा. पेटवणारा मृत्यू गॅविनचा होता. यांकेलचा मृत्यू हे कारण नव्हतं, तो आगीतला बळी होता. एका मृत्यूमागे अपघात, दुसऱ्यामागे माणूस हेरून केलेला हल्ला. दोन्ही एका ओळीत ‘कारण’ म्हणून जोडले की दोन्हींचा अर्थ पुसला जातो. गॅविनच्या आईवडिलांचा प्रश्न, ‘आमचं पोर मेलं त्याला जबाबदार कोण?’, तोही त्यात हरवतो.

कचेरीतल्या कुणाच्या मनात ज्यूंबद्दल आकस होता म्हणून हे झालं असं मानायचं कारण नाही. मला तर उलट वाटतं. समतोल राखण्याच्या चांगल्या सवयीनेच हे झालं. एकाच बाजूने हल्ले होताहेत असं लिहिलं तर आपण पक्षपाती दिसू, ही भीती. आणि कृष्णवर्णीयांवर पिढ्यान् पिढ्या अन्याय झालेल्या देशात त्यांना हल्लेखोर म्हणून रंगवायचा संकोच. तो संकोच समजण्यासारखा आहे.

समतोल आणि निःपक्षपात यांत फरक काय?

क्रिकेटच्या पंचाचं घ्या. दोन्ही संघांचे तीन-तीन फलंदाज पायचीत दिले म्हणून पंच निःपक्षपाती ठरत नाही. दोन्ही संघांना एकच नियम लावला तर ठरतो, मग निकाल तीन-तीन लागो की पाच-एक.

दंगलीत हा नियम लावायचा तर घटना सुट्या करून बघाव्या लागतात. क्राउन हाइट्समध्ये किमान चार वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते : अपघाताला जबाबदार कोण, यांकेलचा खून कुणी आणि का केला, पोलिस तीन दिवस कुठे होते, आणि वस्तीत आधीपासून काय साचलं होतं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, प्रत्येकात जबाबदारीची वाटणीही वेगळी आहे. पहिल्यात चालकाकडे बोट जातं. दुसऱ्यात हल्लेखोरांकडे, आणि थोडं रुग्णालयाकडे. तिसऱ्यात शहर प्रशासनाकडे. चौथ्यात खरोखरच दोन बाजू आहेत. सरसकट ‘दोन्ही बाजू’ म्हणणारा माणूस चौथ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला देतो. आणि ‘एकच बाजू’ म्हणणारा दुसऱ्याचं उत्तर चौथ्याला.

‘म्हणजे कृष्णवर्णीयांची तक्रार खोटी होती?’

नाही. आणि हे लिहायला जागा दिली पाहिजे, कारण खुनाचा निषेध करताना ते सहज गाळलं जातं.

एका धर्मगुरूच्या ताफ्याला शहराच्या पैशाने पोलिसांची गाडी का, हा रास्त प्रश्न होता. हसिदी सणांना आणि शब्बाथला रस्ते बंद व्हायचे. घरांची टंचाई असलेल्या भागात हसिदी कुटुंबं दाटीने राहू पाहत होती, तेव्हा ‘घर विकता का’ म्हणून दार ठोठावणारे त्यांच्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना नकोसे झाले होते. 1978 मध्ये एका कृष्णवर्णीय किशोराला हसिदी तरुणांनी बेदम मारल्याची घटना लोक विसरले नव्हते. या सगळ्यामागे न्यूयॉर्क पोलिस आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्यातलं जुनं वैर होतंच. आपलं पोर रस्त्यावर मेलं तर यंत्रणा आपल्यासाठी हलणार नाही, ही धारणा अनुभवातून आलेली होती.

हसिदी बाजूलाही रोजचं भय होतं. वाटमारी, घरफोड्या, रस्त्यावरची शिवीगाळ. दुरून ओळखू येणाऱ्या माणसाला गर्दीत मिसळून जाता येत नाही. रेबेंना पोलिस संरक्षण मिळत होतं तेही त्यांच्या जिवाला धोका आहे म्हणून. आणि जे ज्यू वस्ती सोडून गेले नाहीत, कृष्णवर्णीयांच्या शेजारी राहिले, त्यांच्याच नशिबी हे यावं, याची त्यांना विशेष टोचणी होती.

साचलेल्या तक्रारींनी लोक का भडकले ते कळतं. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका विद्यार्थ्याला भोसकण्याचं समर्थन त्यातून निघत नाही. दोन्ही वाक्यं एकाच लेखात बसतात, आणि बसलीच पाहिजेत. मात्र क्रम महत्त्वाचा. खुनाच्या बातमीत तिसऱ्याच ओळीला ‘वस्तीत बरेच दिवस नाराजी होती’ असं आलं, तर ती माहिती न राहता सबब वाटू लागते.

‘कोर्टाने काय ते ठरवलं असेल ना?’

कोर्टाने बरंच ठरवलं, पण वाद मिटला नाही. चालकाचं प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे गेलं. ग्रँड ज्युरी म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे आधी तपासणारं नागरिकांचं मंडळ. त्यांनी खटला भरायला नकार दिला. निव्वळ वाहतुकीचा नियम मोडून झालेला मृत्यू न्यूयॉर्कच्या कायद्याने आपोआप फौजदारी गुन्हा होत नाही. कायद्याने हे बरोबर असेल, पण केटो कुटुंबाला आणि शेजाऱ्यांना दिसलं ते इतकंच, की मूल मेलं आणि कुणालाच काही झालं नाही. चालक पुढे इस्रायलला गेला, त्यामुळे हा समज आणखी घट्ट झाला.

यांकेलने ओळखलेला मुलगा ऑक्टोबर 1992 मध्ये राज्याच्या कोर्टात निर्दोष सुटला. आता धक्का बसायची पाळी ज्यूंची होती. नंतर केंद्र सरकारने त्याच्यावर वेगळा खटला भरला, धर्मामुळे एखाद्याचा नागरी हक्क हिरावून घेतल्याचा. 1997 मध्ये तो दोषी ठरला, साडेएकोणीस वर्षांची शिक्षा झाली. 2002 मध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली. कारण लक्षात घेण्यासारखं आहे : ज्युरीत कृष्णवर्णीय आणि ज्यू यांचं प्रमाण जुळवण्यासाठी न्यायाधीशांनी निवडीत केलेली फिरवाफिरव बेकायदा ठरली. न्यायालयातसुद्धा ‘दोन्ही बाजूंची माणसं मोजून बसवू’ हा उपाय टिकला नाही. 2003 मध्ये फेरखटल्यात त्याच्या बाजूने भोसकल्याची कबुली आली. ज्युरीने हक्कभंग मान्य केला, पण त्यामुळेच मृत्यू झाला हे सिद्ध झालं नाही असं ठरवलं. शिक्षा दहा वर्षांची झाली आणि बरीचशी आधीच भोगून झाली होती.

एक निकाल धरून लिहिणारा कुठल्याही बाजूला पुरेसा दारूगोळा देऊ शकतो. 1992 चा निकाल सांगायचा आणि 2003 ची कबुली गाळायची, किंवा उलट. सगळे टप्पे सांगणं कंटाळवाणं होतं, पण पर्याय नाही.

‘आकडे तर खोटं बोलत नाहीत’

दंगलीत 152 पोलिस आणि 38 नागरिक जखमी झाल्याची नोंद आहे. अटक झालेल्यांत 122 कृष्णवर्णीय आणि 7 गोरे होते. हे अटकेचे आकडे दोन अगदी उलट गोष्टींसाठी वापरता येतात. एक म्हणेल, पाहा, दंगल कुणी केली. दुसरा म्हणेल, पाहा, पोलिस कुणाला उचलतात. आकडा यातलं काहीही स्वतःहून सांगत नाही. अटक कशासाठी झाली, कुठे झाली, पुढे आरोप टिकले का, हे सोबत नसेल तर तो नुसता फेकायचा दगड होतो.

पोलिसांच्या ढिलाईचा प्रश्न याहून महत्त्वाचा, आणि तिथेच भाषा सर्वांत सैल झाली. डिंकिन्स यांनी पोलिसांना मुद्दाम रोखून धरलं असा आरोप झाला. ज्यूंपैकी अनेकांनी, आणि 1993 च्या निवडणुकीत डिंकिन्स यांच्याविरुद्ध उभे असलेल्या रुडी जिउलियानी यांनी, या दंगलीला ‘पोग्रोम’ म्हटलं. झारच्या रशियात सत्तेच्या मूक संमतीने ज्यू वस्त्यांवर जे हल्ले व्हायचे त्यांना पोग्रोम म्हणत. गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी नेमलेल्या चौकशीचा अहवाल रिचर्ड गिर्जेंटी यांनी जुलै 1993 मध्ये दिला. त्यात महापौर आणि पोलिस आयुक्तांवर कडक ठपका होता : परिस्थिती ओळखायला आणि हालचाल करायला त्यांनी फार उशीर केला. पण मुद्दाम रोखून धरण्याचा आदेश दिल्याचा पुरावा सापडला नाही. डिंकिन्स ती निवडणूक हरले. 1998 मध्ये, जिउलियानी महापौर असताना, शहराने हसिदी फिर्यादींशी तडजोड करून 11 लाख डॉलर दिले आणि माफी मागितली.

ज्या आजीच्या खिडकीवर तीन रात्री दगड पडले आणि पोलिस आले नाहीत, तिने त्याला पोग्रोम म्हणावं. तो तिचा अनुभव आहे आणि तो तिच्या शब्दांत छापावा. बातमीदाराने आपल्या वाक्यात तो शब्द वापरणं म्हणजे चौकशीत न सापडलेली गोष्ट वाचकाच्या गळी उतरवणं.

‘त्या समाजाचं म्हणणं’ कुणाला विचारायचं?

दंगलीच्या वेळी कॅमेरा जोरात बोलणाऱ्याकडे वळतो. अल शार्पटन हे मोर्चे काढणारे नेते क्राउन हाइट्सचे रहिवासी नव्हते, पण साऱ्या देशाला कृष्णवर्णीयांची बाजू म्हणून त्यांचा चेहरा दिसला. गॅविनच्या अंत्यविधीत त्यांनी ज्यू हिरेव्यापाऱ्यांवर टीका केली, आणि तिथे हिटलरचं काम अर्धवट राहिल्याचं सुचवणारा फलकही झळकला. 2011 मध्ये शार्पटन यांनीच लिहिलं की आपल्या भाषेमुळे कधी कधी तणावात भर पडली. दुकान वाचवायला धडपडणारे, पोरांना घरात कोंडून ठेवणारे कॅरिबियन आईबाप बातम्यांत फारसे दिसले नाहीत.

ज्यू समाजही एकजिनसी नव्हता. आपल्यावर हल्ले होत असताना मोठ्या ज्यू संघटना वेळेवर पाठीशी उभ्या राहिल्या नाहीत, ही ल्युबाविच मंडळींची तक्रार होती. अमेरिकन ज्यूंपैकी अनेक उदारमतवादी होते. 1965 मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चात मार्टिन लूथर किंग यांच्यासोबत रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल चालले होते, त्या परंपरेतले. 1964 मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी काम करताना मारल्या गेलेल्या तिघांत दोघे ज्यू होते, एक कृष्णवर्णीय. ही मैत्री 1968 च्या ब्रुकलिनमधल्या शिक्षक संपापासून विरू लागली होती. तिथे बहुतांश ज्यू शिक्षकांची संघटना आणि शाळांवर आपला ताबा मागणारे कृष्णवर्णीय पालक समोरासमोर आले. अशा समाजांच्या तोंडी ‘ज्यूंना वाटतं’, ‘काळ्यांना वाटतं’ असं एकेक वाक्य घालता येत नाही.

2001 मध्ये, दहा वर्षं झाल्यावर, वस्तीत दोघांच्या स्मरणार्थ रस्त्यावर मेळा भरला तेव्हा केटो आणि रोझेनबॉम कुटुंबं भेटली. ज्यांनी सर्वांत जास्त गमावलं होतं त्यांच्या तोंडी एकमेकांच्या समाजाचा द्वेष नव्हता. बातम्यांतला ‘समाज’ याहून फार कडवट होता.

‘मग समाजाचं नावच छापू नये, हे बरं नाही का?’

आपल्याकडे बरीच वर्षं हीच रीत आहे, आणि तिच्यामागे शहाणपण आहे. भारतीय प्रेस कौन्सिल धार्मिक-जातीय तणावाच्या बातमीत संयम ठेवायला सांगते. पहिल्या रात्री ‘अमुकांनी तमुकांना मारलं’ असं छापलं तर दुसऱ्या गावात सूड उगवला जाऊ शकतो. क्राउन हाइट्समध्ये पहिल्या रात्री फिरलेलं अँब्युलन्सचं वाक्य बघा. त्यातून समाजाची नावं काढली असती तर ते पेटवू शकलं नसतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत, तपासलेलं काहीच हाती नसताना, गप्प राहण्याच्या मी बाजूने आहे.

पण संयमाची मुदत संपते. मोबाइलवर कुणी कुणाला मारलं हे तासाभरात, बहुधा चुकीचं, पोहोचलेलं असतं. वर्तमानपत्र ‘दोन गट’ म्हणत राहिलं तर खरी माहिती देणारं कुणी उरतच नाही. आणि माणूस ज्या ओळखीमुळे मारला गेला ती ओळख बातमीत नसेल, तर बातमी अपुरी राहते. यांकेल ज्यू होता हे काढून टाकलं तर त्याच्या खुनाचं कारणच कळत नाही.

1992-93 च्या मुंबई दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने ही नावं टाळली नाहीत. 900 मृतांत 575 मुस्लिम आणि 275 हिंदू, असे आकडे अहवालात आहेत. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन टप्पे वेगळे करून, एकेक पोलिस ठाण्याच्या हद्दीत काय झालं, कुठे कुणी सुरुवात केली, पोलिस कुठे कमी पडले आणि कुठे त्यांनीच अत्याचार केले, हे त्यांनी जागेनुसार नोंदवलं. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जळालेले हिंदू आणि सुलेमान बेकरीत पोलिसांच्या गोळीबारात मेलेले मुस्लिम, दोन्ही त्यात आहेत आणि एकाने दुसऱ्याची वजाबाकी केलेली नाही. अहवालाच्या शिफारशींचं पुढे काय झालं हा वेगळा आणि दुःखाचा विषय. पण आज त्या दंगलीबद्दल कुणी काही ठोकून दिलं, तर निदान पान उघडून दाखवता येतं.